इंदुरात खाऱ्या पाण्याची पहिली टाकी लावताना

खाऱ्या पाण्याची टाकी लावायची ठरली की बहुतेक जण आधी माशांची यादी करायला बसतात. इंदुरात ही यादी सगळ्यात शेवटी करावी. इथे समुद्र जवळ नाही, नळाला नर्मदेचं नाहीतर बोअरचं पाणी, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे. टाकी टिकते की नाही ते पाणी आणि उन्हाळा ठरवतात. सुरुवात दिवाळीनंतर करा. घराची रंगरंगोटी उरकलेली असते, मासे प्रवासात उकडून मरत नाहीत आणि उन्हाळा येईपर्यंत टाकी चांगली मुरलेली असते.

टाकी आणि जागा

पहिल्या टाकीसाठी 30 × 15 × 15 इंच हे माप सोयीचं आहे. काच 8 मिलिमीटरची घ्या. काठोकाठ भरली तर तीत 110 लिटर मावतं, पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता खरं पाणी 90 ते 95 लिटर उरतं. याहून लहान टाकी घेऊ नका. पाणी जितकं थोडं, तितका त्यातला बिघाड झपाट्याने वाढतो. भरलेल्या टाकीचं वजन दीडशे किलोच्या आसपास जातं. राजवाड्याकडच्या जुन्या लाकडी माळ्यांच्या घरांत ती तळमजल्यावर, भिंतीला लागूनच ठेवा. स्टँडला लेव्हल लावून बघा आणि टाकीखाली थर्मोकोलचा पत्रा घाला. खिडकीतलं ऊन थेट पडेल अशी जागा नको.

गाळणीसाठी टाकीच्या मागे अडकवायचा फिल्टर पुरतो. त्यातला कापूस दर तीन दिवसांनी बदला. पाणी खेळतं ठेवायला तासाला 1500 ते 2000 लिटर ढकलणारा एक पॉवरहेड (पाण्यात बुडवायचा पंप) आणि थंडीसाठी 100 वॉटचा हीटर हवा. एवढ्या टाकीला प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर मळ काढणारं यंत्र) पहिल्या वर्षी नसला तरी चालतो, पण दर आठवड्याचा पाणीबदल चुकवायचा नाही. दिवा आठ तास पुरे. विजेच्या बाबतीत मात्र काटकसर नको. सगळी जोडणी 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे वीज झिरपताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर घ्या. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं खारं पाणी प्लगमध्ये न शिरता खाली ठिबकेल.

पाणी

घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी जसंच्या तसं वापरू नका. चवीसाठी त्यात थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं, शिवाय खनिजांची कार्ट्रिजही असते. प्लंबरकडून मेम्ब्रेननंतर लगेच एक वेगळी नळी काढून घ्या आणि तिला उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची कार्ट्रिज जोडा. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. आकडा 2-3 वर गेला की रेझिन संपलं. कच्च्या पाण्यातला सिलिकेट आणि नायट्रेट आत गेला की काचेवर आणि वाळूवर तपकिरी, मग हिरवा शेवाळ चढतो, आणि तो घासून कधीच संपत नाही.

हे पाणी तांब्याच्या हंड्यात किंवा पितळेच्या कळशीत क्षणभरही ठेवायचं नाही. गोगलगाई, कोळंबी, खेकडे यांना तांब्याचा अंशही मारक असतो. अन्नासाठीचा म्हणून विकला जाणारा प्लॅस्टिकचा ड्रम फक्त या कामाला वेगळा ठेवा.

मीठ मत्स्यालयासाठीचंच घ्या. स्वयंपाकाचं मीठ किंवा सैंधव म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियमही असतं, ते यातून मिळत नाही. लिटरला साधारण 36 ग्रॅम धरा, म्हणजे 95 लिटरला सुमारे 3.4 किलो. आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं मीठ. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर कॅल्शियम पांढऱ्या भुकटीच्या रूपात तळाशी बसतो आणि पुन्हा विरघळत नाही. लहान पंप लावून रात्रभर फिरू द्या. सकाळी 25 अंशांना घनता 1.025 यायला हवी. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून खारटपणा दाखवणारं उपकरण) वापरा, आणि तो साध्या पाण्यावर शून्य करण्याऐवजी 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग क्षार) द्रावणावर जुळवा.

दगड, वाळू आणि कायदा

दुकानात कुणी समुद्रातून काढलेला जिवंत दगड किंवा प्रवाळाचा तुकडा देऊ केला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली प्रवाळ आणि सागरी घोडे संरक्षित आहेत. ते घरात बाळगणं गुन्हा ठरतं. शिवाय ते आपल्याच किनाऱ्यावरून तोडून आणलेले असतात, आणि हा छंद त्या नुकसानीवर उभा राहू नये. सिरॅमिकचे किंवा कारखान्यात तयार केलेले सच्छिद्र कोरडे दगड 10 किलो पुरतात. जिवाणू त्यांच्या छिद्रांत वस्ती करतात.

दगड आधी थेट काचेवर रचा, हलवून बघा, आणि मगच वाळू घाला. वाळूवर रचले तर गोबी मासा किंवा पिस्टल कोळंबी खालून बीळ खणते आणि एका रात्रीत ढीग कोसळतो, कधी काचेवरही. अॅरॅगोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू इंचभर थरासाठी 11 किलो लागते.

जिवाणूंचे सहा आठवडे

मासे जो अमोनिया सोडतात, त्याचं एक जातीचे जिवाणू नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी आहेत, नायट्रेट बराचसा सोसतो. हे जिवाणू वाढवण्यासाठी मासा कामाला लावणं क्रूर आहे आणि त्याची गरजही नाही. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, तेच काम करतो. कल्हईवाल्याकडचा बाजारी नवसागर शुद्ध नसतो, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. डीआय कार्ट्रिजमधून आलेल्या 100 मिलिलिटर पाण्यात 6 ग्रॅम विरघळवून ठेवा. त्यातले 10 मिलिलिटर टाकले की 95 लिटरला साधारण 2 पीपीएम (दशलक्षात 2 भाग) अमोनिया मिळतो.

बाटलीतले जिवाणू घाला, हीटर 27 अंशांवर ठेवा, दिवा बंद. दर दोन दिवसांनी किटने पाणी तपासा. आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि बरेच दिवस तिथेच अडून राहील. या काळात नायट्रेटचं किट भलताच मोठा आकडा दाखवतं, कारण नायट्राइटही त्याला नायट्रेटच वाटतो. त्या आकड्यावर विसंबू नका. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा 10 मिलिलिटर घाला. ज्या दिवशी 2 पीपीएम टाकल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य मिळतील, त्या दिवशी टाकी तयार. साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. मग अर्धं पाणी बदला आणि हीटर 25 वर आणा.

कोण, किती, कोणत्या क्रमाने

आधी चार-पाच ट्रोकस किंवा टर्बो गोगलगाई. तीन आठवड्यांनी पिवळी वॉचमन गोबी आणि तिच्यासोबत पिस्टल कोळंबी. या जोडीसाठी टाकीसमोर खुर्ची टाकून बसावं. कोळंबीला फारसं दिसत नाही. ती बिळातून वाळू उचलून बाहेर आणते तेव्हा तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबीने शेपटी थरथरवली की दोघं आत. शेवटी दोन क्लाऊनफिश, दोन्ही एकाच दिवशी आणि मुद्दाम लहान-मोठे. मोठा मासा मादी होतो, दुसरा नर राहतो, म्हणून भांडण लवकर मिटतं. तिसरा आणू नका. क्लाऊनफिशचं प्रजनन आपल्याकडे होतं, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र बसवलं आहे. तेव्हा हॅचरीत वाढलेलेच मागा.

एवढ्यावर थांबा. ब्ल्यू टँग फूटभर वाढतो, मँडरिन मासा उपाशी मरतो आणि नव्या टाकीत अॅनिमोनी (समुद्रफूल) जगत नाही. झाकण जाळीचं हवं, गोबी उडी मारते.

मुंबईहून रात्रभराच्या प्रवासाने आलेल्या पिशवीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून माशांची पिशवी बंदच ठेवून 20 मिनिटं तरंगवा, मग उघडून लगेच मासा हलवा, थेंबथेंब पाणी घालत तासभर बसू नका. विक्रेत्याच्या पाण्याची घनता आदल्या दिवशी फोनवर विचारा. अनेक जण 1.020 च्या आसपास ठेवतात. पिशवी मुख्य टाकीत नाही, तर 40 लिटरच्या वेगळ्या टबात तरंगवायची; त्यात तेवढीच घनता करून ठेवा. कोळंबी आणि गोगलगाई घनतेतला फरक सोसत नाहीत, त्यांना मात्र दीड-दोन तास थेंबाथेंबानेच जुळवा.

मासे त्या टबात चार आठवडे राहू द्या आणि रोज थोडी घनता वाढवत 1.025 वर आणा. पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध तिथेच द्यायचं, मुख्य टाकीत कधीच नाही. रोग मुख्य टाकीत शिरलाच तर ती 76 दिवस माशांविना ठेवावी लागते.

मे आणि जून

टाकीच्या कडेला 12 व्होल्टचे दोन पंखे पाण्यावर तिरके लावा. माठ जसा गार होतो तसंच हे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तीन-चार अंश सहज उतरतात. जूनमध्ये पावसाआधी हवा दमट होते आणि पंखे हरतात. पाणी 29 च्या वर जाऊ लागलं तर खोलीला एसी किंवा टाकीला चिलर लागेल, ही तयारी आधीच ठेवा.

पंख्यांमुळे उन्हाळ्यात दिवसाला दोनेक लिटर पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. तीन दिवस लग्नाला पुण्याला गेलात तर 95 चं 89 लिटर होतं आणि खारटपणा 35 पीपीटीवरून 37 च्या पुढे जातो. काचेवर पट्टीने खूण करा आणि रोज डीआय कार्ट्रिजमधून आलेलं बिनमिठाचं पाणी त्या खुणेपर्यंत घाला. खारं पाणी फक्त पाणीबदलाला: आठवड्याला 10 लिटर, 360 ग्रॅम मीठ.

वीज गेली की आधी ऑक्सिजन संपतो, कारण गरम खाऱ्या पाण्यात तो मुळात कमी विरघळतो. पॉवरहेड इन्व्हर्टरवर घ्या आणि बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप घरात असू द्या. बाहेरगावी जाताना आजींकडे किंवा शेजारच्या काकूंकडे माशांच्या खाण्याचा डबा सोपवू नका. एका दिवसाचे दाणे एका पुडीत, अशा पुड्या बांधून द्या. कणकेच्या गोळ्या आणि मुरमुरे घालायचे नाहीत हेही सांगा. रंगपंचमीला गेरमधून, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीतून, आल्यावर दोन-तीन दिवस टाकीत हात घालू नका, अगदीच गरज पडली तर कोपरापर्यंतचे हातमोजे घाला.