जुनी कॅम्पर व्हॅन विकायचीय? आधी आरसी वाचा, मग ठरवा कुठे विकायची

कासारवडवलीला आमच्या सोसायटीत माझी कॅम्पर उभी असायची, टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली, आत दोन बेड, ओटा, छोटा फ्रीज, टॉयलेट. बरीच वर्षं कोकण पालथं घातलं तिनं. मग मुलाची दहावी आली, आईचे गुडघे गेले आणि गाडी फक्त बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी स्टार्ट करायची वेळ आली. वर सेक्रेटरी काका भेटतील तिथे विचारणार, "ती बस कधी हलवताय?" शेवटी विकायला काढली आणि कळलं की कार विकणं वेगळं नि हे वेगळं. ठाणे-नवी मुंबईत कुणाची अशी गाडी पडून असेल तर माझ्या चुकांचा फायदा घ्या.

पहिलं काम म्हणजे आरसी काढून वाचा, खरंच वाचा. बॉडी टाइपच्या जागी कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅराव्हॅन लिहिलंय की अजून तेरा सीटची पॅसेंजर गाडीच आहे? कागदावर सीटं आणि आत पलंग असेल तर ट्रान्सफर अडकू शकतं, उद्या क्लेम आला तर इन्शुरन्सवालाही हात वर करेल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरफाराबद्दलच आहे, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर कडक भूमिका घेतलीय. त्यामुळे आरसी जुळत नसेल तर जाहिरात टाकण्याआधी आरटीओत जाऊन काय करता येईल ते विचारा, गिऱ्हाईक दारात उभं असताना नको. पिवळी पाटी असेल तर परमिट आणि फिटनेसचंही बघावं लागतं. लोन फिटलं असलं तरी आरसीवरची एचपी, म्हणजे बँकेच्या तारणाची नोंद, निघालीय का बघा, नसेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. ई-चलान भरून टाका, आणि गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर एचएसआरपी नंबरप्लेट लावून घ्या.

आता किंमत. इथे मी आपटलो. तुमच्या डोक्यात गाडी अधिक आतलं सगळं असा हिशोब असतो, गिऱ्हाइकाच्या डोक्यात तो असेलच असं नाही. मी आधी जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडे गेलो, त्यानं टायर बघितले, किलोमीटर बघितले, मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "साहेब, सीटं कुठायत?" मी ओटा दाखवला, सोलर दाखवलं. तो म्हणाला हे सगळं काढायलाच मला खर्च येईल, आणि त्याच्या धंद्याच्या हिशोबानं त्याचं चुकलंही नव्हतं. म्हणून दोन आकडे वेगवेगळे लिहा: रिकाम्या गाडीचा बाजारभाव, आणि आतल्या सामानाचं आज काय येईल ते. लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, 12 व्होल्टचा फ्रीज, पॅनेल या गोष्टींना किंमत येते. प्लायवूड आणि तुमच्या हौसेला येत नाही.

हे दोन आकडे हातात आले की रस्ता ठरवणं सोपं.

दुसरा आकडा अगदीच लहान असेल किंवा पैसे लगेच हवे असतील तर डीलर बरा, फक्त आतलं महागडं सामान आधी काढून वेगळं विका. डीलरला त्याच्या मार्जिनवर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो, तो तुमच्याच भावातून वळता होणार हे धरून चला. आणि एप्रिल 2023 पासून अधिकृत डीलरचा नियम आलाय, गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म 29सी भरून आरटीओला कळवायचं असतं. ते करायला जो टाळाटाळ करेल त्याला चावी देऊ नका.

आतलं काम चांगलं असेल तर जिथे बॉडी बांधली त्याच माणसाला फोन करा. त्याच्याकडे नवीन बजेटमध्ये न बसणारी माणसं येतच असतात. कमिशन किती, गाडी किती दिवस त्याच्या यार्डात, तोपर्यंत इन्शुरन्स कुणाचा, हे लिहून घ्या. भाड्यानं कॅम्पर देणारे लोक पण विकत घेतात, पण त्यांना धंद्याच्या रजिस्ट्रेशनची गाडी लागते, पांढऱ्या पाटीची बघून बहुतेक फोन ठेवतात.

सगळ्यात जास्त पैसे थेट विक्रीत, आणि डोकेदुखीही तिथेच. माझी अशीच गेली, ओएलएक्स आणि कॅम्परवाल्यांच्या ग्रुपवर टाकून. चार महिने लागले, त्यातले दोन पावसाळ्याचे फुकट गेले. जाहिरात गणपती झाले की टाका, दिवाळीच्या सुट्टीचे बेत तेव्हाच चालू होतात. पण त्याआधी छतावर पाईपनं पाणी मारून आत बसा. आमच्या छताच्या खिडकीच्या कडेनं पाणी झिरपत होतं, गादीखालचं प्लाय फुगलेलं आणि मला त्या वासाची इतकी सवय झालेली की पत्ताच नाही! सिलंट बदललं, प्लाय बदललं, दुरुस्तीचे फोटो काढून गिऱ्हाइकाला दाखवले. लपवण्यापेक्षा ते बरं पडलं.

गिऱ्हाईक येणार त्या दिवशी पाण्याची टाकी भरलेली, फ्रीज आदल्या रात्रीपासून चालू, टॉयलेट धुतलेलं. चहा आतल्याच शेगडीवर करा. टेस्ट ड्राइव्हला गायमुख घाटात न्या, चढ पण होतो आणि मागे भांडी वाजतात का ते पण कळतं. लायसन्स बघितल्याशिवाय स्टीअरिंग देऊ नका.

सौदा ठरला की टोकन बँकेतून घ्या, बाकीचेही. 2 लाख किंवा जास्त रोख घेतली तर इन्कम टॅक्सचा दंड घेणाऱ्यावर बसतो. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करा पण तारीख, नाव मोकळं सोडू नका, एजंट कितीही म्हणाला "दादा मी भरतो नंतर" तरी. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. विकल्याचं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं काम तुमचं आहे, घेणाऱ्याचं नाही. आरसीवर नाव आहे तोवर कायद्यानं मालक तुम्हीच, अपघाताची भरपाईही तुमच्याच दारात येऊ शकते, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय. डिलिव्हरी नोटवर किलोमीटर, तारीख आणि वेळसुद्धा टाका, दोघांच्या सह्या, दोघांच्या आयडीच्या कॉपी.

फास्टॅग तेव्हाच बंद करा. मी विसरलो, आणि नवा मालक नाशिकला पोचेपर्यंत टोलचे मेसेज माझ्या फोनवर येत राहिले. आरसीवरचं नाव बदललं का ते वाहन पोर्टलवर दर आठवड्याला बघत जा. माझं पाचव्या आठवड्यात बदललं, तोपर्यंत दोनदा फोन करावा लागला.