स्मरणिका लावायला घेताय? आधी काळा तपासा

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाची ६४ पानांची स्मरणिका मी घरी बसून लावली. चारशे प्रती छापून आल्या आणि पहिल्याच वाचकाने चष्मा काढून पुसला. पुसून उपयोग नव्हता, कारण अक्षरंच धूसर होती. प्रत्येक शिरोरेषेखाली लालसर-निळसर सावली. यंदा काम पुन्हा माझ्याच गळ्यात आहे, म्हणून सॉफ्टवेअर ठरवण्याआधी काय काय बघायचं ते लिहून ठेवतोय.

पानाचा आकार, चाराच्या पटीत पानं, कडेला ३ मिलिमीटर ब्लीड (छाटणीत जाणारी जादा कड). हे छापखानेवाला सांगतोच. पुढे.

मजकूर कशात टाइप झालाय ते पाहा. निम्मे लेखक मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितात, उरलेल्यांच्या फायली कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडून श्री-लिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत, येतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर वाचा. 'वाऱ्यावर', 'श्रद्धा', अवतरणचिन्हं, आकडे, घोटाळे इथेच होतात. पानं लावायच्या जुन्या पेजमेकरचं नाव कुणी काढलं तर हसून सोडून द्या. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, युनिकोड मराठी त्याला कळत नाही. पब्लिशरही नको, मायक्रोसॉफ्ट ते ऑक्टोबर २०२६ मध्ये बंद करतंय.

आता जोडाक्षरं. जाहिरातीत 'सर्व भाषा चालतात' असं लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. दुसऱ्या, कऱ्हाड, ऱ्हस्व, मूर्तींच्या, स्वातंत्र्य, दृष्टी, हृदय, लक्ष्मी, ट्रॅक्टर एवढे शब्द चिकटवून बघा. वेलांटी सुटून पुढच्या अक्षरावर गेली किंवा पाय मोडलेला दिसला, तर ते सॉफ्टवेअर कितीही देखणं असो, काढून टाका. पानं लावायचं स्क्रायबस फुकट आहे, पण जुन्या १.४ मध्ये देवनागरी तुटते. १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या. अ‍ॅफिनिटी ऑक्टोबर २०२५ पासून फुकट झालं, दिसायला सुरेख आहे. मात्र त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी नीट बसत नसे, तेव्हा वरचे शब्द टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका. इनडिझाइन उत्तम, पण भाडं भरत राहावं लागतं. वर्षातून एकदा स्मरणिका काढणाऱ्या वाचनालयाला ते कशाला? कुणाकडे असलंच, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायला सांगा, नाहीतर तिथेही जोडाक्षरं सुटी होतात.

आणि काळा. हा मुद्दा मी गेल्या वेळी पाहिलाच नव्हता. मी एका फुकट वर्डप्रोसेसरमध्ये पानं लावली आणि पीडीएफ काढून दिली. पडद्यावर काळंभोर, घरच्या प्रिंटरवरही झकास. पण त्या पीडीएफमधला काळा पडद्याचा होता, म्हणजे लाल-हिरवा-निळा शून्यावर. छपाईच्या प्लेटा निघताना त्याचा चार शाईंचा काळा झाला. निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई एकमेकींवर, एकाच बारीक अक्षरावर. कागद केसभर सरकला की सावली पडणारच, आणि आपल्या लिपीत प्रत्येक शब्दावर आडवी रेघ असल्यामुळे ती लपत नाही. इंग्रजी मजकुरात एवढं जाणवलं नसतं. छापखान्याने विचारलं नाही, मी विचारलं नाही. चूक माझीच, पीडीएफ माझी होती.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच: यातून मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईत जातो का? शंभर टक्के काळा, बाकी तिन्ही शून्य. वर्डप्रोसेसर इथे बाद. स्क्रायबस पास, पण डोळे उघडे ठेवा. त्याच्या रंगांच्या यादीत ब्लॅक, रिच ब्लॅक, वॉर्म ब्लॅक, कूल ब्लॅक आणि रजिस्ट्रेशन असे दिसायला भावंडांसारखे काळे आहेत. अक्षरांना फक्त ब्लॅक. रजिस्ट्रेशन तर चारही शाया शंभर टक्के ओततं, त्याला हात लावू नका. पीडीएफ काढताना 'स्क्रीन/वेब' आपोआप निवडलेलं असतं, ते बदलून 'प्रिंटर' करा. हे विसरलात तर आधीची सगळी काळजी पाण्यात.

तपासायची रीतही सोपी. घोस्टस्क्रिप्ट हे जोड-सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर स्क्रायबसच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये काळी शाई बंद करा. पानावरची अक्षरं नाहीशी झाली पाहिजेत. फिकट भुतासारखी उरली, तर काळा चुकलाय. मग एक पान, फक्त एक, छापखान्यातून खऱ्या कागदावर काढून आणा. पैसे मागतील, द्या. चारशे प्रती माळ्यावर ठेवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

फॉन्ट मुक्त परवान्याचे घ्या: 'मुक्त' याच नावाचा एक, नोटो सेरिफ देवनागरी, आयआयटी मुंबईचा शोभिका, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा. मजकुराची भाषा मराठी निवडा, म्हणजे ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श मराठी वळणाचे येतात. हिंदी राहिली तर जाणकार लगेच नाक मुरडतात. दोन कॉलममध्ये दोन्ही कडा जुळवायचा हट्ट नको. 'कार्यकारिणीतल्यांपैकी' असा एक शब्द आला की शेजारी खड्डे पडतात.

फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो परत मागा, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फॉन्ट पीडीएफमध्ये रुतवा (एम्बेड करा). छापखान्याला मूळ फाइल देऊ नका, फक्त पीडीएफ. जाहिराती जेपीजीमध्ये येतात, त्यातल्या अक्षरांचं आपल्या हातात काही नाही, सोडा. अनुक्रमणिका, पान क्रमांक, मुद्रितशोधन, ते काय सांगायचं.

अध्यक्षांचं मनोगत शेवटच्या रात्री बदलून येणार, वर्डच्या फाइलमध्ये. ते चिकटवलं की त्या पानाचा काळा पुन्हा तपासा.