गोचिड्या आणि रक्त गोळा करायला निघण्यापूर्वी

जंगलालगतच्या गावात कुत्र्यांमधले एर्लिकिया, ॲनाप्लाझ्मा, बार्टोनेला हे रक्तातले जिवाणू शोधायला निघताय ना, मग आधी शिसपेन्सिल पिशवीत टाका. एक नको, तीन टाका. गेल्या खेपेला बाकी सगळं होतं, पेन्सिलच नव्हती. नळ्यांवर मार्करने लिहिलं, एक टोपण सैल राहिलं, अल्कोहोल झिरपलं आणि शाई पुसून गेली. कुत्र्याची गोचीड कुठली आणि कोल्ह्याची कुठली हे सांगता येत नसेल, तर तो नमुना फेकूनच द्यायचा.

जाड कागदाच्या चिठ्ठ्या आदल्या रात्रीच कापून ठेवा. पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी नळीच्या आत जाते, बाहेर चिकटवायची नाही. तिच्यावर जनावर, गाव, तारीख आणि गोचीड कुठून घेतली, एवढं हवंच. रायपिसेफॅलस ही तपकिरी गोचीड भिंतीच्या फटींत राहते, म्हणून भिंतीवरच्या उपाशी गोचिड्या वेगळ्या नळीत घ्या. रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडीत एर्लिकिया सापडला, तर तो कुत्र्याच्या रक्तातलाही असू शकतो. तिच्यावरून गोचीड वाहक आहे असं म्हणता येत नाही. या गोचिडीत एर्लिकिया कॅनिस आईकडून अंड्यांत उतरत नाही. पिल्लू गोचिडीला तो बाधित कुत्र्याच्या रक्तातूनच मिळतो, म्हणून इथे कुत्रा महत्त्वाचा.

गोचीड काढायला बारीक टोकाचा चिमटा घ्या. कातडीला अगदी लागून धरा, सरळ ओढा. नखांनी चिरडू नका. तेल, काडेपेटी असले प्रकार नकोत. नळीत 95 टक्क्यांच्या वरचं इथेनॉल भरा. फॉर्मॅलिन नको, डीएनए खराब होतो. आणि पेन्सिल, हो ना?

रक्तासाठी जांभळ्या टोपणाची, रक्त गोठू न देणारी ईडीटीए नळी घ्या. हिरव्या टोपणाच्या नळीत हेपारिन असतं, तेही रक्त गोठू देत नाही, पण पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधायची चाचणी, अडवतं. पुढच्या पायाच्या शिरेतून दोन मिलिलिटर पुरतं. नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटी करा. खसाखसा हलवलीत तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यातलं हिमोग्लोबिनही पीसीआर बिघडवतं. कानाच्या कडेला टोचून आलेल्या पहिल्या थेंबाचा काचेवर पातळ थर (स्मिअर) जागच्या जागी करा, वाळवा, माश्यांपासून झाका. काचेच्या घासलेल्या टोकावर, पुन्हा तेच, पेन्सिलने लिहा. मुसकं बांधायला जुनी सुती पट्टी घ्या. हातमोजे सांगायची गरज नाही.

मालकाला विचारायचं राहू देऊ नका: गेल्या महिन्यात कुत्र्याला डॉक्सिसायक्लिन हे जिवाणूंवरचं औषध दिलं का? दिलं असेल तर पीसीआर निगेटिव्ह येऊ शकतो, प्रतिपिंडं मात्र टिकतात. हे उत्तरही पेन्सिलने चिठ्ठीवर लिहा.

कोल्हा, खोकड, रानमांजर जिवंत पकडायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. रस्त्यावर मेलेलं असलं तरी 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते सरकारची मालमत्ता आहे. वनखात्याला न सांगता हात लावू नका. परवानगी मिळाली तर प्लीहेचा वाटाण्याएवढा तुकडा इथेनॉलमध्ये घ्या. डोकं उघडू नका, रेबीजचा धोका आहे. चमूतल्या प्रत्येकाची रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस निघायच्या कितीतरी आधी झालेली हवी. यात ‘बघू नंतर’ चालणार नाही.

परतल्यावर रक्त 4 अंशांवर, जास्त दिवस ठेवायचं असेल तर उणे 20 वर. स्मिअर मिथेनॉलमध्ये, मग जिम्सा रंगात. सुया जाड डब्यात. कपडे गरम पाण्यात. काखा, जांघा, गुडघ्यामागे गोचीड शोधा. दोन आठवड्यांत ताप आला तर गोचिड्यांचं काम केल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. रिकेट्सिया या गोचिडीतून येणाऱ्या जिवाणूचा ताप त्यांच्या मनात लगेच यायला हवा.