पात्रता ब्रेव्हेचे आयोजन कसे करावे

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सुमारे 1200 किलोमीटरच्या सायकलयात्रेसाठी 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठराविक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, पूर्ण कराव्या लागतात. त्यांच्या वेळमर्यादा अनुक्रमे साडेतेरा, 20, 27 आणि 40 तास आहेत. ही शर्यत नव्हे, म्हणून निकालात क्रमांक लावू नयेत.

आयोजकाचा सर्वाधिक वेळ मार्ग आखण्यात जावा, असे माझे ठाम मत आहे. नकाशावर जवळचे भासणारे वळण कंट्रोलशिवाय (सायकलस्वाराची नोंद होते त्या तपासणी-थांब्याशिवाय) सोडले, तर तिथून अंतर वाचवता येते; म्हणून जिथे आडवाट शक्य आहे, तिथेच कंट्रोल ठेवावा. 400 आणि 600 किलोमीटरच्या मार्गावर रात्री पाणी व खाणे कुठे मिळेल, हे त्याच वेळी तिथे जाऊन पाहावे, कारण दुपारी उघडे दिसलेले दुकान पहाटे तीनला बंदच असते.

कंट्रोल उघडण्याची वेळ ताशी 34 आणि बंद होण्याची ताशी 15 किलोमीटर वेगाने काढतात. 200 किलोमीटरनंतर ताशी 34 ची ही वरची वेगमर्यादा थोडी उतरते. सकाळी सहाला सुरुवात झाल्यास 150 किलोमीटरवरील कंट्रोल 10:25 ला उघडतो आणि 16:00 ला बंद होतो. या वेळा ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे प्रत्येक सायकलस्वाराच्या नोंदीच्या कार्डावर, छापाव्यात. स्वयंसेवक नसेल तिथे दुकानाची वेळ छापलेली पावती पुरावा म्हणून घ्यावी.

सुटण्यापूर्वी प्रत्येकाचे पुढचे-मागचे दिवे आणि परावर्तक जॅकेट स्वतः तपासावे. इथे भीड बाळगू नये. सोबतच्या वाहनाची मदत फक्त कंट्रोलवरच घेता येते, हेही तेव्हाच स्पष्ट सांगावे. शेवटी कार्डे तपासून निकाल ओदाक्स क्लब पारिझिअँ या ब्रेव्हेंना मान्यता देणाऱ्या फ्रेंच क्लबाच्या मान्यतेसाठी विनाविलंब पाठवावेत.