सुरसागरापर्यंत पुरे

सोमवारपासून पहाटे साडेपाचला बडोद्याच्या कमाटीबागेत रोज ५ किलोमीटर चालायचं, असं ठरवलं. नवे बूट घेतले, मोबाइलवर अ‍ॅप टाकलं. गुरुवारी जाग आली ती सातला. ‘आता आठवडा बिघडलाच, पुढच्या सोमवारी बघू.’ असे चार सोमवार गेले, बूट जवळजवळ कोरेच!

हा नुसता आळस नव्हे. अर्धवट करण्यापेक्षा न केलेलं बरं वाटतं, कारण ‘वेळच मिळाला नाही’ म्हणायची सोय राहते. अपयशाला सबब हवी म्हणून माणूस स्वतःच्याच वाटेत धोंडा ठेवतो, हे बर्गलास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच मांडलं.

उपाय: संकल्पाचं एक गबाळं रूप आधीच ठरवून ठेवा. माझं असं: उशीर झाला की दांडिया बाजारातल्या घरून जवळच्या सुरसागर तलावापर्यंत जाऊन परत, पायात चप्पल असली तरी चालेल. कॅलेंडरवर फक्त फुली मारायची. किती, कसं, काही लिहायचं नाही. (अ‍ॅप काढून टाकलं. त्यातली एक रिकामी चौकट दिसली तरी जीव वर-खाली व्हायचा.) दिवस चुकलाच, तर भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट चालायला जाऊ नका, पाय दुखतात आणि तिसरा दिवसही बुडतो.

परवा छत्री घेऊन निघाले, येताना शेव-उसळ खाल्ली. फुली मारली.