हँडब्रेकला हात घालण्याआधी

जुन्या गाडीचा हँडब्रेक दहा-बारा खटके वर आला तरी गाडी धरत नसेल, तर लिव्हरखालचा नट आवळून मोकळं व्हावंसं वाटतं. तेवढं मात्र करू नका. बहुतेक वेळा दोष नुसत्या केबलचा नसतो. मागच्या ड्रममध्ये (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी वाटी) तिला आतून दाबणारे कमानीसारखे शू असतात; त्यांच्यावरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, झिजून शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलेलं असतं. अशात केबल ताणली की लिव्हर घट्ट लागतो, पण शू पूर्ण मागे येत नाहीत, घासत राहतात आणि ड्रम तापतो. म्हणून तयारी ड्रम उघडण्याचीच ठेवा.

आदल्या रात्री केबलच्या ॲडजस्टरच्या आट्यांवर आणि हबभोवती (चाक बसतं तो मधला भाग) गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. लायनरवर तो एक थेंबही जाता कामा नये. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअलही त्याच रात्री वाचा, कारण किती खटक्यांवर ब्रेक लागायला हवा हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं.

जागा सपाट आणि टणक हवी. या कामात हँडब्रेक पूर्ण सोडावा लागतो, आणि रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीत मागची चाकं उचलली की गिअरचाही आधार जातो. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. सुरुवातीच्या साब 900 सारख्या काही गाड्यांत हँडब्रेक पुढच्या चाकांवर असतो, तिथे ठोकळे मागे जातील. जॅक फक्त उचलण्यापुरता; वजन दोन स्टँडवरच द्या.

हत्यारांत पाने, लांब नाकाची पक्कड, चपटा स्क्रूड्रायव्हर, रबरी हातोडी, टॉर्क रेंच आणि चष्मा, कारण शूच्या स्प्रिंगा उडतात. बऱ्याच ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतात, त्यांत बसणारे बोल्ट जवळ असले की अडकलेला ड्रम न ठोकता निघतो.

धुळीबाबत मी फार आग्रही आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. फुंकर नाही, कंप्रेसरची हवा तर नाहीच. ब्रेक क्लीनरने धूळ ओली करा, खाली ट्रे ठेवा, बारीक कण अडवणारा मास्क लावा.

सुटे भाग आधीच आणा: दोन्ही चाकांचे शू, स्प्रिंगांचा संच, ड्रममधल्या घासणाऱ्या टेकांसाठी उष्णता सोसणारं ग्रीस. केबल आतून गंजली असेल तर तेल घालून फार दिवस निभावत नाही, नवीच घ्या. व्हील सिलिंडर (पायाचा ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने शू ढकलणारा भाग) पाझरत असेल तर तोही बदला, नाहीतर नवे लायनर लगेच भिजतील. ड्रमचा आतला व्यास मापून त्यावर कोरलेल्या कमाल व्यासाशी ताडायला कॅलिपर लागेल.

एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंग कुठे बसते याची शंका आली तर दुसरी बाजू पाहता येते. आधी शू ॲडजस्ट करायचे, पायाचा ब्रेक काही वेळा दाबायचा, केबल सर्वात शेवटी. लिव्हर सोडल्यावर दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरली पाहिजेत. चाचणीसाठी हलका, रिकामा उतार आधीच हेरून ठेवा, आणि तिथे पाय पेडलजवळच राहू द्या.