रपेटीत मोहोळ उठलं तर

‘माशी आली की घोडा जागीच उभा करा’ हा सल्ला पुण्याच्या आसपास रपेटीला जाणाऱ्यांना हमखास मिळतो. एखादी माशी घोंघावत असेल तर ठीक. पण आग्या मोहोळ उठलं असताना थांबलात, तर घोडा आणि स्वार दोघांच्याही जिवावर बेतेल.

कपडे फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे घाला. अत्तर किंवा डिओ नको.

वाटेत नजर वर असू द्या. सिंहगड-शिवनेरीसारख्या गडांचे कातळकडे, उंच वड, सावर इथे आग्याची मोठी पोळी उघड्यावर लटकतात. खाली विडी नाही, शेकोटी नाही, आरडाओरडा नाही. घोडा बांधण्याआधी झाड शेंड्यापर्यंत बघा. काही गांधीलमाश्या जमिनीतल्या बिळात घर करतात. रांगेतला पहिला घोडा त्यांना डिवचून पुढे निघून जातो आणि डंख मागच्यांना बसतात.

आता खरा अवघड भाग. सुरुवातीला मलाही तो जमत नसे. डंख बसला की घोडा शेपूट आपटतो, मान झटकतो, लाथा झाडतो. स्वाराला वाटतं जनावर हट्टाला पेटलं, म्हणून तो दोन्ही हातांनी लगाम खेचतो. हे अजिबात करू नका. वेदनेत कोंडलेला घोडा मागच्या पायांवर उभा राहतो किंवा उसळतो. त्याला पुढची वाट मोकळी करून द्या. एका हातात लगाम, दुसऱ्यात आयाळ, आणि सपाटी असेल तर सरळ टाच. उतारावर मात्र दौड नाही, झपझप चालच. जागा ओलांडलेल्यांनी पुढे पळायचं, न पोचलेल्यांनी मागे वळायचं, हे निघण्याआधीच ठरवून ठेवा. शे-दोनशे मीटरवर थांबू नका, आग्या त्याहून लांबवर पाठलाग करते. माश्या मारू नका. चिरडलेल्या मधमाशीच्या वासाने बाकीच्या आणखी चवताळतात.

वाट अरुंद, शेजारी दरी आणि घोडा आवरत नसेल तर उतरा. आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढा, डोंगराच्या बाजूला उतरा, लगाम सोडा, तोंड झाका आणि चालत राहा. घोडा झाडाला बांधू नका, कोणी काहीही सांगो. बांधलेल्या घोड्याला पळता येत नाही, तो तिथेच डंखांनी मरू शकतो. ओढ्यात उडी मारूनही सुटका नाही, माश्या पाण्यावर घिरट्या घालत वाट बघतात.

माश्या मागे पडल्या की मधमाशीचे काटे नखाने खरवडून काढा. काट्यासोबत विषाची पिशवी असते आणि ती विष सोडत राहते, म्हणून चिमटा शोधत बसू नका. गांधीलमाशी सहसा काटा सोडत नाही, पण पुन्हा पुन्हा डंख मारते.

घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. नाकपुड्यांवर सूज दिसली तर तोंडावरचे पट्टे सैल करा आणि पशुवैद्याला ताबडतोब बोलवा. माणसाला अंगभर गांधी, घशात सूज, दम किंवा चक्कर जाणवली तर १०८ला फोन करा. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबू नका. डंख डझनांनी असतील तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जा. विष जास्त भिनलं तर मूत्रपिंडाला इजा होते आणि ती लगेच कळत नाही.